खूण न केलेली काच

तारीख : २६ मे १९७३

माझ्या दुकानात प्रत्येक चष्म्याचं एक कार्ड असतं. पिवळं, पोस्टकार्डाएवढं. रकाने छापलेले, आणि प्रत्येक रकान्याला एक ओळ. या एका कार्डाला ती ओळ पुरली नाही. कार्डाची मागची बाजूही पुरली नाही. म्हणून रकाने तेच ठेवून कागदावर लिहितो आहे.

गिऱ्हाईक :

कार्डावर केरबाचं नाव आहे. पुढे 'मिलिटरी'. पण खरं गिऱ्हाईक त्याची थोरली बहीण, बनुबाई. ती दुकानात आलीच नाही. पायरीवर बसली, पदर डोक्यावर ओढून, जणू भावाची वाट बघत.

केरबानं रुमाल सोडून काउंटरवर ठेवला. आत एक गॉगल, दोन्ही दांड्या मोडलेल्या, नाकावरचा पूल तुटलेला. काचा मात्र शाबूत. भाकरीसारख्या गोल, धुरकट करड्या.

"मिरजेला गाडीतनं उतरताना माझी ट्रंक माझ्याच पिशवीवर बसली," तो म्हणाला. "शेट, फ्रेम काय बी घाला. पर काचा ह्याच पायजेत. ह्यो साधा गॉगल न्हाई."

"काय आहे मग यात?"

"ह्यातनं नदीचा तळ दिसतो."

मी हसलो. त्याला राग आला.

"शप्पत, शेट! आमच्या साहेबाला मासं धरायचा नाद. काश्मिरात. बदली झाली तवा मला ह्यो देऊन गेला. मी काठावर हुबा राहून माशाच्या अंगावरचं ठिपकं मोजल्यात."

"आमच्या जैनाच्या दुकानात मासे नको मोजू बाबा."

"मोजल्यानं काय पाप लागतंय व्हय? खाल्लं ते साहेबानं."

पायरीवरून आवाज आला. "केरबा, एस्टी साडेपाचची हाय."

तेव्हा मी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तळहाताला फडकी गुंडाळलेली. त्या वर्षी अशी फडकी सगळीकडे दिसत होती. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं.

"आक्काला एक दगड बघायचाय," केरबा हळू आवाजात म्हणाला. "पाण्यातला."

नंबर : नाही

म्हणजे काचेला नंबर नाही. दूरचं, जवळचं, काहीही नाही. नजर दोघांचीही चांगली होती.

दगडाचं केरबानं सांगितलं, मी फ्रेम शोधत होतो तेवढ्या वेळात. बनुबाईचं सासर जांभूळदरे, साताऱ्याच्या वर डोंगरात. सत्तर साली धरणाचं पाणी चढलं आणि गाव त्यात गेलं. त्याआधी उन्हाळ्यातच लोकांना इकडे माधवनगरच्या पलीकडच्या माळावर जागा मिळाली. तिचा नवरा आकाराम तिथल्या गिरणीत लागला. निघताना लोकांनी देव आणले, दारं आणली, तुळया आणल्या. बनुबाईची सहा महिन्यांची पोर मात्र तिथेच राहिली. अंजी. ती पासष्टलाच तापानं गेली होती. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. त्यांच्याच शेताच्या बांधाला, करंजाच्या बुंध्याशी तिला पुरलं होतं. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात. बनुबाईनं कुठलाही दगड ठेवू दिला नाही. आपल्या जात्याची वरची तळी उचलून आणली आणि ती ठेवली. गोल, काळी, मध्ये भोक. घरात पुढे दीड वर्ष जातं नव्हतं. शेजारी दळायला जायची.

त्या वर्षी खडीवर कुणीतरी बोललं : तुम्ही गाव सोडल्यावर आणि पाणी चढायच्या आधी, कंत्राटदाराची माणसं आली होती. बांध, पायऱ्या, जाती, सगळा दगड गाडीत भरून नेला, धरणाच्या रस्त्याला खडी करायला.

"तवापास्नं जेवत न्हाई," केरबा म्हणाला. "तळी जाग्यावर हाय का, तेवढं बघायचंय म्हणती."

दुष्काळानं पाणी उतरलं होतं. करंजाचा खुंट वीतभर वर आला होता. त्याच्या बुंध्याशी अजून पुरुषभर पाणी होतं. चालत जाता येत नव्हतं, कारण खुंटापर्यंतची वाट गाळाची. एक म्हैस तिथे रुतून मेली होती.

"होडीतून जा. बांबू लावून बघा, दगड लागतो का."

केरबा काही बोलायच्या आत पायरीवरून उत्तर आलं.

"बांबू न्हाई लावायचा."

तिनं आवाज चढवला नव्हता. पण मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. मुलीच्या अंगावर बांबू टोचायला सांगत होतो मी.

मग एकच राहत होतं. न शिवता बघायचं.

काच :

मी इंटर सायन्सपर्यंत शिकलो आहे. अशा काचेबद्दल वाचलं होतं, हातात कधी आली नव्हती. दोन्ही काचा मोडक्या फ्रेममधून काढल्या आणि माझ्यातला विद्यार्थी जागा झाला.

माझं काउंटर काचेचं आहे. दुपारी रस्त्याचं ऊन त्यावर पडलं की वरून आतलं काही दिसत नाही, नुसती पांढरी चमक. मी एक काच डोळ्यापुढे धरली आणि हातात फिरवत गेलो. फिरवता फिरवता चमक विरली. खालच्या फ्रेमा दिसल्या, लाल डबी दिसली, दांड्यांचे स्क्रू दिसले. काच आणखी पाव फेरा फिरवली. चमक परत आली.

"बाई, इकडे या," मी म्हणालो. "बघा."

ती चपला बाहेर काढून आत आली. मी काच तिच्या डोळ्यापुढे धरली.

"काय दिसतं?"

"चष्मं," ती म्हणाली. मग बोट दाखवून, "ते काळं, गोल काय हाय? जात्यावानी?"

काचांच्या कडा घासायचं ते जुनं दगडी चाक होतं. झिजलेलं, मध्ये भोक असलेलं. टाकवत नाही म्हणून खाली ठेवून दिलं होतं.

"चमक कुठं गेली?" तिनं विचारलं.

मी मागच्या विहिरीचा दोर आणला. एक टोक केरबाच्या हातात दिलं. खिडकीला उभे गज आहेत, त्यातून दोर ओवला आणि त्याला बाहेर उभं केलं.

"उजेड म्हणजे थरथर असं समजा. या दोरासारखी. केरबा, दोर खाली-वर हलव."

दोराची लाट गजांमधून सरळ माझ्या हातापर्यंत आली.

"आता डावीकडे-उजवीकडे."

लाट गजावर आपटली आणि तिथेच मेली.

"सूर्याचा उजेड सगळ्या दिशांनी थरथरतो. उभा, आडवा, तिरका. पण सपाट पाण्यावर तिरका पडून जो उजेड परत फिरतो, तो बहुतेक आडवाच थरथरत येतो. तीच चमक. पाणी सपाट, काउंटरची काच सपाट, ओला रस्ता सपाट. सगळ्यांची चमक आडवी. या काचेच्या आत डोळ्याला न दिसणारे उभे गज आहेत असं समजा. आडवी थरथर अडते. पाण्याच्या तळाकडून येणारा उजेड मात्र सगळ्या दिशांचा असतो, त्यातला उभा तेवढा गजांतून येतो. चमक गेली की तळ दिसतो."

"म्हंजी चाळण," बनुबाई म्हणाली.

"चाळण नव्हे. चाळण कशीही धरली तरी चालते. हिला उभं-आडवं आहे."

"आन् बाजारातला काळा गॉगल?"

"तो सगळ्यावरच सावली धरतो. चमक कमी, तळही कमी. काही फायदा नाही."

ती काउंटरकडे बघत राहिली.

"ह्यात नसलेलं काय दिसत न्हाई न्हवं? देवाचं-भुताचं?"

"नाही हो. ही काच पदरचं काहीच घालत नाही. चमक तेवढी काढून घेते. बाकी जे आहे ते आहे."

हे वाक्य मी बोललो. माझ्या तोंडचं.

फ्रेम : काळी, गोल

खूण :

हा रकाना कार्डावर रिकामा आहे.

ज्याच्या डोळ्याला तिरकस नंबर असतो त्याच्या काचेला वर-खाली असतं. ती काच एक केसभर फिरली तरी माणसाचं डोकं दुखतं. म्हणून फ्रेममधून काढण्याआधी मी लाल मेणाच्या पेन्सिलीनं तिच्यावर रेघ मारतो. चोवीस वर्षांत ही रेघ एकदाही चुकली नाही. पण बिननंबरी गोल गॉगलला कोण रेघ मारतं? तो कसाही बसवा, सारखाच. हातांना हे इतकं पाठ झालेलं की डोक्याला विचारत नाहीत.

पाच वाजले होते. केरबा घड्याळ बघत होता. मी काचा साबणाच्या पाण्यात धुतल्या, फडक्यावर पालथ्या घातल्या, गरम वाळूत फ्रेम मऊ केली आणि काचा दाबून बसवल्या. नुकतंच तोंडानं सांगितलं होतं, हिला उभं-आडवं आहे. हातांनी ऐकलं नाही.

बसवल्यावर काउंटरवर धरून बघायला हवं होतं. तोवर ऊन काउंटरवरून सरकून पायरीवर गेलं होतं. बघायला चमकच नव्हती.

"या, बाई. नीट दिसेल," मी म्हणालो.

कार्डाच्या तळाशी छापलेलं असतं : 'चष्मा लावून पाहिला. नीट दिसते.' त्याखाली गिऱ्हाइकाची सही. तीही राहिली. एस्टी होती.

तक्रार :

१९ जून. बनुबाई एकटी आली. केरबाची छुट्टी संपून तो परस्पर साताऱ्याहून गेला होता. वर डोंगरात पाऊस धरला होता, करंजाचा खुंट बुडाला होता. हे सगळं तिनं आत येता येता सांगितलं आणि गॉगल काउंटरवर ठेवला. मी म्हणालो बसा. ती बसली नाही.

"अण्णा, काय दिसलं न्हाई. आदी काय दिसलं न्हाई."

धुळा नावाच्या कोळ्यानं होडीतून नेलं होतं. सकाळची वेळ, वारा नाही, पाणी तेलासारखं. वर्षभर पाऊस नसल्यानं गढूळही नाही. खुंटाजवळ गेले. तिनं गॉगल लावला. पांढरी चमक. केरबानं लावला. चमकच. नुसत्या डोळ्यांपेक्षा जास्त. केरबानं मला शिव्या दिल्या, शेटनं काचा बदलल्या म्हणाला. तासभर होडी खुंटाभोवती फिरत होती. तिचं डोकं गरगरायला लागलं. ती होडीत आडवी झाली, होडीच्या कडेवर डोकं टेकून.

"डाव्या कुशीवर," ती म्हणाली. "तिला पाजताना निजत हुते तशी. खालचा डोळा लाकडाला टेकलेला. आन् वरच्या डोळ्यापुढची चमक गेली, अण्णा. पडदा सरकल्यावानी गेली. सगळं दिसाय लागलं. करंजाचा बुंधा, मुळं, आमचा बांध."

गॉगल काउंटरवर होता. मी त्याला हात लावला नव्हता, तरी काय झालं ते मला कळलं होतं. उजवी काच पाव फेरा फिरलेली. गज आडवे. आडवे गज आडवी थरथर आत सोडतात, चमक सगळीच्या सगळी. आणि माणूस कुशीवर झाला की गज परत उभे.

"आन् तळी न्हवती," बनुबाई म्हणाली.

बाहेरून हळदीची पोती लादलेली हातगाडी गेली. गाडी जाईपर्यंत ती थांबली.

"मी वरडले. केरबानं माझ्या डोळ्यावरचा गॉगल काढून लावला, बसून बघितलं. म्हणला, आक्का, कायच दिसत न्हाई. धुळा म्हणला, बाईला ऊन लागलं. घरात ह्यांना सांगितलं. हे म्हणलं, तू पाण्यात भूत बघून आलीस. समदी म्हणत्यात मला दिसलंच न्हाई. मला बी तसंच वाटाय लागलंय. वाटावं असंच म्हणते मी." ती पहिल्यांदा काउंटरजवळ आली. "तुमाला इचारायला आले. चमकीबरुबर ह्या काचनं तळी बी अडवली असंल का? दगड काळा हुता. हाय तिथंच असंल, आन् हिनं दावला नसंल. असं हुतं का?"

तपासणी :

मी गॉगल उचलला. काउंटरवर दुपारचं ऊन होतं. लावून पाहिला. चमक. चष्मा काढून हातात पाव फेरा फिरवून उभा धरला, उजव्या काचेतून पाहिलं. चमक गेली. डावी काच तर कुठेच धड नव्हती, तिरकी बसली होती.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणालो. "काचा बसवताना फिरल्या. मी खूण केली नाही."

"म्हंजी चुकीचं बसलंय."

"हो."

"म्हंजी मला दिसलं ते..."

तिनं वाक्य अर्धं ठेवलं. ते पुरं करायचं काम माझं होतं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मला पुसवेना. आठ वर्षं जमिनीत, त्यातली तीन पाण्याखाली असलेलं लेकरू, त्यावरचा दगड, एवढंच मागत होती. आणि माझ्याजवळ माझी चूक होती, ती तिच्या उपयोगाची होती.

"तेही चुकीचं असेल," मी म्हणालो. "काच सरळ नव्हती. काहीही दिसलं असेल. किंवा दिसलं नसेल."

"दगड अडवला असंल?"

"असेल."

तिनं श्वास सोडला. पदरानं तोंड पुसलं. पायरीपर्यंत गेली. तिथे थांबली, एक पाय दुकानात, एक बाहेर. मग परत आली.

"जरा द्या हिकडं."

तिनं गॉगल लावला. काउंटरवर वाकली. आधी सरळ मान धरून बघितलं. मग डावा कान खांद्यावर टेकवला, डावा डोळा मिटला आणि हळूहळू आणखी कलली, पार आडवी होईतो. एक हात काउंटरच्या कडेला. फडकी अजून गुंडाळलेली होती.

मला पुढचं कळलं. मी हात पुढे केला, काउंटर उघडून आतलं ते चाक काढून घ्यायला. उशीर झाला होता.

"लाल डबी," ती म्हणाली. "ह्या दांड्या. ह्यो मोडका चष्मा." मग तिनं काचेवर बोट टेकवलं. "आन् ह्यो दगड. काळा हाय. गोल हाय. मधी भोक."

ती तशीच वाकून राहिली.

"काळा दगड बी दिसतोय, अण्णा."

मी म्हणालो, "गाळ बसला असेल वर. तीन वर्षांचा. गाळातून ही काच बघू शकत नाही. कुठलीच काच बघू शकत नाही." हे खरं होतं. एवढं तरी खरं होतं.

"मुळं उघडी हुती. केसागत बारीक मुळं बी दिसली. मुळापाशी गाळ न्हवता." ती सरळ झाली, गॉगल काढला, दोन्ही हातांत धरला. "तुमीच म्हणला हुता न्हवं, ही पदरचं काय घालत न्हाई म्हणून."

"म्हणालो होतो."

"मग आज का दुसरं बोलला?"

तिला माझा राग आलेला नव्हता, खरंच विचारत होती. मी खाली बघितलं, आणि ते चाक बघितलं.

दुरुस्ती :

"सरळ करा," ती म्हणाली. "केरबाचा हाय. त्याला धाडून द्यायचाय."

मी वाळू तापवली. फ्रेम मऊ करून दोन्ही काचा काढल्या. एकेक काच काउंटरच्या चमकेवर धरून फिरवली, चमक पूर्ण मेली तिथे थांबलो आणि वरच्या कडेला लाल रेघ मारली. रेघ वर ठेवून बसवली. ती या वेळी आत बसली होती, बाकावर, आणि माझे हात बघत होती.

"येवढी रेग मारली असती म्हंजी झालं असतं," ती म्हणाली. टोमणा नव्हता. काम शिकणारं माणूस बोलतं तसं.

"केरबालाही दिसलं असतं," मी म्हणालो.

"व्हय. मग दोघांनी बघितलं असतं."

एवढंच म्हणाली ती. त्या होडीत ती एकटीच बघणारी ठरली, भावानं पाठ फिरवली, कोळी ऊन लागलं म्हणाला, नवरा भूत म्हणाला. हे सगळं त्या एका रेघेनं वाचलं असतं. तळी वाचली नसती. पाणी पुन्हा इतकं कधी उतरेल कोण सांगणार, आणि उतरलं तरी तिला काय बघायचं होतं आता.

मी घासत होतो, फुंकर मारत होतो, गरजेपेक्षा जास्त पुसत होतो. ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "धरणाचा रस्ता लय चांगला केलाय. जाताना एस्टीत एक गचका बसला न्हाई. मी केरबाला म्हणले सुदिक, बघ, रस्ता कसा केलाय." तिनं हातावरचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं. "खडी बारीक फोडली असणार."

मला आतून बायकोनं, गुणमालेनं, हाक मारली, दिवस बुडायच्या आत जेवून घ्या, पानं वाढलीत म्हणून. मी येत नाही म्हणालो. त्या दिवशी मी सूर्यास्ताआधी जेवलो नाही आणि नंतर आमच्यात जेवत नाहीत.

शेरा :

गॉगल कागदात गुंडाळून दिला. मग सवयीनं कार्ड पुढे सरकवलं, आणि सरकवल्यावर मला ते मागे घ्यावंसं वाटलं. तिनं त्यावर बोट ठेवलं होतं.

"काय लिवलंय ह्यात?"

"काही नाही. छापील आहे. राहू दे."

"वाचा की."

मी वाचलं. "चष्मा लावून पाहिला. नीट दिसते."

तिनं थोडा वेळ त्या ओळीकडे बघितलं, वाचता येत असल्यासारखं.

"खरं हाय," ती म्हणाली. "शाई आना."

मी शाईचं पॅड पुढे केलं. तिनं डाव्या अंगठ्याचं फडकं वर सारलं. खडी फोडून अंगठ्यावरच्या रेघा झिजून गेल्या होत्या. कार्डावर उमटला तो नुसता निळा गोल ठिपका, मध्ये एक कोरी जागा राहिलेला.